कर्ज कंपनीला, हप्ते व्हेंडरला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हल्ली पेपर उघडला की दर थोड्या दिवसांनी एक बातमी ठरलेली असते, अमुक कंपनी इतके हजार कोटी गुंतवणार, तमुक ठिकाणी ईव्हीचा प्लांट येणार, इतक्या हजार हातांना काम, आणि सोबत फोटो, सामंजस्य कराराची फाईल धरून सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. जमीन किती, सवलत किती, रोजगार किती ते सगळं छापलेलं असतं, गाड्यांचा आकडा आलाच तर तो 'वार्षिक क्षमता' म्हणून येतो. आता क्षमता म्हणजे काय हो, शेड केवढी बांधली आणि मशीनं किती बसवली एवढंच ना. पहिल्या वर्षी किती गाड्या गेटबाहेर पडणार, दुसऱ्या वर्षी किती, आणि नाही पडल्या तर सरकारने दिलेल्या किंवा सोडून दिलेल्या पैशाचं काय करायचं हे कुठेच नसतं. मला बोलायचंय ते त्या आकड्याबद्दल.

मी भोसरीत छोटं प्रेस शॉप चालवतो. टियर टू म्हणतात आम्हाला, म्हणजे कंपनीला माल देणाऱ्या व्हेंडरला आम्ही माल देतो. ब्रॅकेट, क्लॅम्प, छोटे शीटमेटलचे पार्ट. नवीन मॉडेल येणार असलं की वरून फोरकास्ट येतो, की महिन्याला इतके हजार सेट लागतील तुमची कपॅसिटी दाखवा. मग आम्ही डाय, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायचा साचा, बनवायला टाकतो, एखादा प्रेस वाढवतो, बँकेत जातो, घर नाहीतर गाळा तारण ठेवतो. डायचे पैसे बऱ्याचदा रोख मिळत नाहीत, ते पार्टच्या रेटमध्ये धरतात, ज्याला आमच्याकडे अमॉर्टायझेशन म्हणतात. म्हणजे समजा डायसेट २० लाखाचा झाला आणि दोन लाख पीसवर वसूल धरला तर पीसमागे १० रुपये. आता मॉडेल पडलं आणि १८ हजार पीसच उचलले गेले तर वसूल झाले १ लाख ८० हजार, बाकीचे १८ लाख २० हजार कोणाचे? कागदावर त्यासाठी क्लेम करता येतो, प्रत्यक्षात पुढची ऑर्डर हवी असेल तर कोणी तोंड उघडत नाही. आणि गंमत म्हणजे डायवर मालकी कंपनीची असते त्यामुळे त्या भंगारातही काढता येत नाहीत, पाच-सात वर्षं रॅकवर ठेवून वर ग्रीस लावत बसायचं. माझ्या बाबतीत हे एका मॉडेलला झालेलं आहे, कंपनीचं नाव घेत नाही, माझ्यासारखे एमआयडीसीत गल्लोगल्ली आहेत.

हे सांगायचं कारण, सरकार मोठ्या कंपनीला कर्ज देतं किंवा टॅक्सचा परतावा देतं तेव्हा चर्चा फक्त तेवढ्याच पैशाची होते. पण त्याच उत्पादनाच्या आकड्यावर विश्वास ठेवून खाली शंभर जण आपापलं कर्ज काढतात, आणि त्यांच्या कर्जाला सरकारची थकहमी नसते. (थकहमी हा शब्द महाराष्ट्राला साखर कारखान्यांमुळे पाठ आहे, त्यात सरकारने किती भरलं ते वेगळं पत्र होईल.)

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला अमेरिकेतलं वाटतं. तिकडे २००७ च्या एका कायद्याने कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या बनवणाऱ्यांसाठी सरकारी कर्जाची योजना आली, २,५०० कोटी डॉलरची, चालवायला त्यांचं ऊर्जा खातं. २००९ पासून वाटप सुरू झालं. फोर्डला ५९० कोटी डॉलर, निसानला टेनेसीतल्या प्लांटमध्ये लीफ ही इलेक्ट्रिक गाडी आणि तिच्या बॅटरीसाठी १४० कोटीच्या वर. या मोठ्यांचं फार कोणी बोलत नाही. बोललं गेलं ते दोन नवख्या कंपन्यांबद्दल, टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर आणि फिस्करला ५२.९ कोटी. आज ऐकून हसू येईल पण त्यावेळी फिस्करला टेस्लापेक्षा जास्त मंजूर झालं होतं.

फिस्करची कर्मा नावाची गाडी, दिसायला एकदम देखणी, किंमत एक लाख डॉलरच्या वर. ती बनत होती फिनलंडमध्ये, व्हाल्मेटच्या कारखान्यात. अमेरिकेत डेलावेअर राज्यात जनरल मोटर्सचा बंद पडलेला प्लांट त्यांनी विकत घेतला होता, तिथे पुढची स्वस्त गाडी काढणार होते, त्याच्या घोषणेला तेव्हाचे उपाध्यक्ष बायडेन स्वतः गेले होते कारण ते त्याच राज्याचे. त्या प्लांटमधून एकही फिस्कर बाहेर पडली नाही. पुढे ती इमारतच पाडली आणि तिथे ॲमेझॉनचं गोदाम झालं.

आता उत्पादनात काय काय होऊ शकतं ते बघा, शॉप फ्लोअरवर काम केलेल्याला हे वाचून पोटात गोळा येईल. कर्माची बॅटरी ए१२३ नावाची कंपनी देत होती, तिलाही सरकारी अनुदान होतं, २४.९ कोटी डॉलर मंजूर. मार्च २०१२ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने स्वतःच्या पैशाने घेतलेली कर्मा टेस्टिंगच्या वेळेसच बंद पडली. कारण निघालं काय तर मिशिगनमधल्या प्लांटमध्ये एका ऑटोमॅटिक वेल्डिंग मशीनचं कॅलिब्रेशन चुकलेलं. एक मशीन! त्यासाठी बॅटऱ्या परत मागवायचा खर्च साडेपाच कोटी डॉलरच्या घरात, ऑक्टोबर २०१२ मध्ये ए१२३ दिवाळखोरीत. बॅटरी नाही म्हणून कर्माची लाइन आधीच थांबली होती. त्याच महिन्यात सॅंडी वादळ आलं आणि न्यू जर्सीच्या बंदरात उभ्या असलेल्या तीनशेहून जास्त नव्या गाड्या समुद्राच्या पाण्यात गेल्या. नशीब म्हणतात ते असं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिस्कर दिवाळखोरीत, आणि ए१२३ व फिस्कर दोघांचंही उरलंसुरलं वानशियांग या एकाच चिनी कंपनीने घेतलं.

सगळे म्हणाले सरकारचे पैसे बुडाले. बुडाले, पण किती? मंजूर होते ५२.९ कोटी, प्रत्यक्षात दिले १९.२ कोटी. कारण करारात टप्पे होते, अमुक तारखेपर्यंत गाडी बाजारात, अमुक इतकी विक्री, आणि ते टप्पे चुकायला लागल्यावर २०११ च्या मध्यातच ऊर्जा खात्याने पुढचा पैसा थांबवला. बॅटरीचा घोळ आणि वादळ हे त्यानंतरचं. काही रक्कम कंपनीच्या खात्यातून आधीच काढून घेतली, उरलेलं कर्ज अडीच कोटीला विकलं आणि शेवटी नुकसान १३.९ कोटी डॉलर. मोठंच आहे, पण टप्पे नसते तर आख्खे गेले असते. म्हणजे उत्पादनाचा आकडा करारात लिहिलेला होता म्हणून कोणीतरी तिजोरी वेळेवर बंद करू शकलं.

टेस्लाचंही उत्पादन काही सुरळीत नव्हतं बरं का. २०१२ मध्ये मॉडेल एस ५,००० देऊ म्हणाले होते, सप्टेंबर येईपर्यंत तो आकडा जवळपास निम्म्यावर आणला, ऊर्जा खात्याला अटी सैल कराव्या लागल्या. पण फरक असा की टेस्ला २०१० पासून शेअर बाजारात होती त्यामुळे किती गाड्या म्हणालो होतो आणि किती काढल्या हे दर तिमाहीला जगासमोर सांगावं लागायचं. फिस्कर खासगी होती, बाहेरच्याला पत्ता नाही. त्यांच्या छोट्या व्हेंडरचा विचार करा, टेस्लाच्या व्हेंडरला पेपरात वाचून कळत होतं की शेड्यूल घसरतंय, जरा हात आखडता घेऊ. फिस्करच्या व्हेंडरला कंपनीचा परचेस मॅनेजर सांगेल ते खरं. आणि परचेस मॅनेजर काय सांगतो ते आम्हाला चांगलं माहितेय, "अहो पुढच्या क्वार्टरला उचलणारच आहे."

टेस्लाने मे २०१३ मध्ये सगळं कर्ज मुदतीच्या नऊ वर्षं आधी फेडलं. टाळ्या पडल्या. पण एक गोष्ट त्यात दबून गेली, सरकारकडे टेस्लाचे साधारण ३० लाख शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क होता, लवकर फेडल्यामुळे तो रद्द झाला. म्हणजे फिस्कर बुडाली ते नुकसान जनतेचं, टेस्ला वर गेली तर जनतेला फक्त व्याज. याच्या उलट १९७९ मध्ये क्रायस्लर बुडायला आली तेव्हा तिथल्या संसदेने १५० कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, ली आयाकोका तेव्हा कंपनीचे प्रमुख, १९८३ मध्ये त्यांनी मुदतीच्या सात वर्षं आधी कर्ज फेडलं आणि सरकारला म्हणाले आता तो शेअर घ्यायचा हक्क आम्हाला सोडून द्या. सरकारने नाही सोडला, लिलाव केला आणि ३१ कोटी डॉलरच्या वर कमावले. धंदा असा करतात. आपल्याकडे कुठल्या राज्याने सवलत देताना शेअरचा हक्क मागितलाय असं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता आपल्या घरचं. नॅनो. टाटा मोटर्सची ती गाडी पुण्यात डिझाइन झाली, आमच्या पिंपरी-भोसरी भागातल्या कितीतरी लोकांचे हात तिला लागलेत, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलताना मला आनंद होत नाही. कारखान्यासाठी बंगालमध्ये सिंगूरला जवळपास हजार एकर जागा, त्यातला मोठा तुकडा व्हेंडर पार्कसाठी, पन्नासच्या वर व्हेंडर तिथे जाणार होते, काहींनी शेड उभ्या केल्या होत्या. ३ ऑक्टोबर २००८ ला कंपनीने बंगाल सोडल्याचं जाहीर केलं आणि लगेच गुजरातमधलं साणंद. गुजरात सरकारने जानेवारी २००९ मध्ये जी सवलत दिली ती वाचण्यासारखी आहे, २,९०० कोटींच्या गुंतवणुकीवर जास्तीत जास्त ९,५७० कोटींपर्यंत कर्ज, व्याज ०.१ टक्का, आणि फेड वीस वर्षांनी सुरू. शून्य पूर्णांक एक टक्का! मी बँकेत सीसी लिमिटवर (खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) किती भरतो ते लिहीत नाही, उगाच बीपी वाढायचं.

पण त्यात एक कलम शहाणपणाचं होतं असं मला आज वाटतं. ते कर्ज एकरकमी नव्हतं, गाड्या विकून जो व्हॅट सरकारजमा होईल त्या हिशेबाने ते मिळणार होतं. म्हणजे गाडी निघाली, विकली, टॅक्स भरला तरच कर्ज. आणि गाड्या निघाल्याच नाहीत. म्हणजे निघाल्या, पण प्लांटची क्षमता वर्षाला अडीच लाख आणि सगळ्यात चांगलं वर्ष २०११-१२, त्यात विक्री ७४ हजार ५००च्या आसपास. २००९ मध्ये पैसे भरून दोन लाखांच्या वर बुकिंग होतं हो! पण पहिल्या गाड्या उत्तराखंडातल्या पंतनगरहून हळूहळू आल्या, साणंद सुरू व्हायला जून २०१० उजाडला, मधल्या काळात काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या, आणि 'स्वस्त गाडी' हा शिक्का. नोव्हेंबर २०१० मध्ये आख्ख्या देशात विकल्या ५०९. जानेवारी २०१९ पासून उत्पादन शून्य. कर्ज किती दिलं गेलं? ३३ हजार कोटी दिल्याचे आरोप झाले तेव्हा २०१७ मध्ये कंपनीनेच खुलासा केला, ५८४.८ कोटी, आणि ते परत करायचंय. ९,५७० कुठे आणि ५८४ कुठे. राजकारणात दोन्ही बाजूंनी ओरडा झाला पण हे कोणी म्हटलं नाही की गुजरातचा पैसा वाचला तो उत्पादन फसल्यामुळे, कारण कर्ज गाडीला बांधलेलं होतं. बरं, प्लांट वाया गेला असंही नाही, त्याच ठिकाणी टियागो, टिगोर बनतात, साणंदला आज गाड्यांची मोठी वसाहत झालीये.

आणि बंगालचं बघा, जिथे एकही नॅनो बनली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने तिथल्या औद्योगिक विकास महामंडळाला सांगितलं की टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी द्या आणि वर २०१६ पासून ११ टक्के व्याज. राज्य सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं, पुढे काय व्हायचं ते होईल. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, करार असतो, लवाद असतो. सिंगूरला शेड बांधलेल्या छोट्या व्हेंडरच्या हाताशी यातलं काय आहे?

महाराष्ट्रातल्या वाचकांना तळेगाव आठवत असेलच. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीसाठी प्लांट चालू ठेवला, डिसेंबर २०२० ला तोही बंद. हजाराच्या वर कामगार वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्याच्या आधी जून २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी वाजतगाजत करार झाला होता की ते हा प्लांट घेणार, परदेशी गुंतवणुकीचे नियम बदलले होते, परवानगी मिळाली नाही, २०२२ मध्ये तो विषय संपला. मग ह्युंदाईने घेतला. चांगलं झालं, आनंद आहे. पण २०२० नंतर प्लांट बंद असताना जे व्हेंडर तळेगावच्या भरवशावर मशीन घेऊन बसले त्यांचे हप्ते कोणत्या करारात बसत होते?

लोक म्हणतील अटी घातल्या तर कंपनी शेजारच्या राज्यात जाईल. ही भीती खरी आहे, मी नाकारत नाही. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना २०२२ मध्ये गुजरातला गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला आपल्याकडे, आणि वर्षाच्या आत फॉक्सकॉन बाहेर पडलं, तो कारखाना कुठेच उभा राहिला नाही. त्यावेळी जे हरल्यासारखं वाटत होतं त्यात आपण नेमकं काय गमावलं ते मला अजून कळलेलं नाही. आणि केंद्राची पीएलआय, म्हणजे उत्पादनाला बांधलेली प्रोत्साहन योजना, बघा ना, वाहन क्षेत्रासाठी २५,९३८ कोटींची योजना, २०२१ ची, तिचं तत्त्वच हे आहे की आधी विकून दाखवा, निम्मं मूल्य देशात तयार झालंय हे सिद्ध करा, मग पैसे. त्यात कागदपत्रांचा जाच आहे, पैसे हळू मिळतात अशी तक्रार आहे, छोट्यांना त्यात शिरताच येत नाही ही माझी तक्रार आहे, पण कंपन्या अट ऐकून पळून तर गेल्या नाहीत, रांग लावली. मग राज्याने तेवढंच म्हणायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं कर्ज देऊ नका असं अजिबात नाही. नवीन गाडी काढणं हा जुगार आहे आणि बँका त्यात उतरत नाहीत, सरकारने उतरावं लागतं. फक्त राज्याकडून जमीन, कर्ज, परतावा घेणाऱ्या कंपनीने कोणत्या तिमाहीला किती गाड्या ते लिहून द्यावं आणि ते उद्योग खात्याच्या वेबसाइटवर लावावं, आणि खाली प्रत्यक्ष किती निघाल्या तेही. गुपित कसलं त्यात, विकलेल्या गाड्या आरटीओत नोंदल्या जातातच, वाहन पोर्टलवर कोणीही बघू शकतं. आणि दुसरं, पुढचा हप्ता सोडण्याआधी कंपनीकडून एवढं लिहून घ्यावं की छोट्या व्हेंडरचं बिल थकलेलं नाही आणि बंद पडलेल्या मॉडेलच्या डायचे पैसे दिलेत. छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, त्यात आता इन्कम टॅक्सचा नियम पण आलाय की वेळेत दिले नाहीत तर खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. पण ते मालाच्या बिलाला लागू होतं. जे पीस उचललेच नाहीत त्यांचं बिलच बनत नाही, मग ४५ दिवस मोजायचे कुठून? वर तो नियम मध्यम उद्योगांना आणि व्यापाऱ्यांना लागू नाही, आणि आमचा थेट ग्राहक अनेकदा आमच्यासारखाच अडकलेला टियर वन, म्हणजे कंपनीचा थेट व्हेंडर, असतो, त्याच्यावर केस करून काय मिळणार. आम्ही दोघं एकाच खड्ड्यात.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या वार्ताहरांनी गेल्या पाच-सहा वर्षांत राज्याने वाहन आणि बॅटरी कंपन्यांशी केलेल्या करारांची यादी काढावी, माहिती अधिकारात प्रत्येक कराराची उत्पादनाची कलमं मागावीत आणि जे मिळेल ते छापावं. 'व्यापारी गोपनीयता' म्हणून नकार आला तर तो नकारही छापावा, निदान कोणत्या कंपनीच्या फोरकास्टवर डाय टाकायची नाही ते आम्हाला कळेल.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी एमआयडीसी